टीव्ही केवढा घेतला?

कॅज्युअल्टीत एक स्क्रीन लावायची, एवढंच काम होतं. इंच बघायचे, बजेट बघायचं, संपलं! निदान मला तरी तसंच वाटलं होतं...

"तुझं मराठी चांगलंय ना?"

फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीला मैत्रिणीने असा फोन केला की समजून जायचं, काम आहे आणि पैसे यथातथाच आहेत. माझी ही मैत्रीण पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनीअर आहे. म्हणजे व्हेंटिलेटरपासून बीपीच्या मशीनपर्यंत जे जे बंद पडेल, त्यासाठी रात्री-अपरात्री जिचा फोन वाजतो ती. त्यांच्या कॅज्युअल्टीत नवा डिस्प्ले लावायचा होता. कुठल्या बेडवर कोण आहे, त्याचं काय चाललंय, तो कशासाठी थांबलाय, हे सगळं तिथे एका पांढऱ्या बोर्डावर मार्करने लिहायचे. आता ते स्क्रीनवर येणार होतं. आत डॉक्टर आणि सिस्टर्ससाठी, बाहेर नातेवाइकांसाठी. बाहेरच्या स्क्रीनवरचे मराठी शब्द मी लिहायचे.

"पाच-सहा ओळी आहेत गं. तासाभराचं काम."

ते तासाभराचं काम सात आठवडे चाललं.

खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. तुमच्याही आला असेल. टीव्ही केवढा? मागच्या वर्षी आम्ही तिघी फ्लॅटमेट्सनी मिळून टीव्ही घेतला, तेव्हा दोनच गोष्टी बघितल्या होत्या. इंच आणि ईएमआय. स्क्रीन निवडण्यात आणखी असतं काय?

एक गोष्ट मात्र मी तिला फोनवर सांगितली नाही. अशाच एका पांढऱ्या बोर्डाशी माझं जुनं भांडण आहे.

पुसलेली ओळ

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सुट्टीला घरी गेले होते. सकाळी दाढी करताना बाबांचा डावा हात एकदम लुळा पडला. तोंड वाकडं झालं. शेजारच्या काकांनी गाडी काढली आणि आम्ही जिल्ह्याच्या गावातल्या एका हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरांनी लगेच पाहिलं, सीटी स्कॅन करायला सांगितला. सिस्टरांनी बोर्डावर बाबांचं नाव लिहिलं आणि पुढे 'सीटी'. आई आणि मी बाकावर बसलो. हुश्श, नाव लागलं एकदाचं!

थोड्या वेळाने बाबांच्या वरच्या ओळीतला पेशंट वॉर्डात गेला. कुणीतरी येऊन डस्टर फिरवलं. त्याच्या नावाबरोबर खालची ओळही गेली.

मी ते बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि तरी उठले नाही. मला वाटलं, पुसलं म्हणजे पुढे कळवलं असेल. आता बोलावतीलच. मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारा' हेच तर शिकवलं होतं. आणि मी गप्प बसून राहिले.

पन्नास मिनिटांनी ड्यूटी बदलली. नवीन सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "हे आजोबा कुणाचे?"

गुठळीमुळे झालेल्या स्ट्रोकमध्ये ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये हिशेब मांडला होता की मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. बाबांना इंजेक्शन वेळेत मिळालं. आज ते चालतात, बोलतात, पेपरवर वाद घालतात. शर्टाची बटणं मात्र आई लावून देते. ती पन्नास मिनिटं गेली नसती, तर बटणं त्यांची त्यांना लावता आली असती का? हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. मीही कुणाला विचारलेलं नाही.

त्यामुळे 'पांढरा बोर्ड जाणार' हे ऐकून मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. स्क्रीनवर डस्टर फिरवणार कोण?

बेड नंबर चौदा

डेमोच्या दिवशी सेल्सवाल्याने ५५ इंची स्क्रीन आणली होती. "फोर के आहे मॅडम. एकदम क्रिस्टल क्लिअर!" आम्ही तिघं-चौघं समोर उभे राहून माना डोलावत होतो. इन-चार्ज सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. कॅज्युअल्टीत २६ वर्षं काढलेली बाई. त्या चालत चालत पार टोकाच्या, चौदा नंबरच्या बेडपाशी गेल्या आणि तिथून मोठ्याने वाचू लागल्या.

"पेशंटचं नाव... काहीतरी 'कर'. पुढे काय ते देवाला ठाऊक."

सगळे हसले. सेल्सवालासुद्धा.

घरी आपण टीव्ही बघतो. इथे टीव्ही वाचायचा असतो, तोही हातात सलाईन धरून, सहा मीटरवरून, चालता चालता. दोन्हींचा हिशेब वेगळा. पाट्यांच्या धंद्यात एक ढोबळ नियम चालतो. जितक्या अंतरावरून वाचायचं, त्याच्या दोनशेव्या भागाएवढी तरी अक्षराची उंची हवी. म्हणजे सहा मीटरला तीन सेंटिमीटर. ५५ इंची आडव्या स्क्रीनची उंची जेमतेम ६८ सेंटिमीटर. त्यात १८ बेडच्या १८ ओळी आणि वर मथळा बसवला, की एका ओळीच्या वाट्याला साडेतीन सेंटिमीटर. मधली मोकळी जागा सोडली तर अक्षर राहतं पावणेदोन सेंटिमीटरचं. साडेतीन मीटरच्या पलीकडे ते वाचताच येत नाही. मग फोर के असो नाहीतर आठ के! शिवाय आपल्या देवनागरीला वर वेलांटी हवी, खाली उकार हवा. तिला इंग्रजीपेक्षा जास्तच जागा लागते.

उपाय? एक मोठी स्क्रीन घेण्यापेक्षा दोन घ्यायच्या आणि नऊ-नऊ ओळी वाटून टाकायच्या.

मग एकेक प्रश्न निघत गेला. घरचा टीव्ही दिवसातून पाच-सहा तास चालतो. हा दिवाळीलासुद्धा बंद व्हायचा नाही. चोवीस तास चालण्यासाठी बनवलेले पॅनल वेगळे असतात आणि चांगलेच महाग असतात. पण घरचा टीव्ही दुकानात किंवा हॉस्पिटलात लावला, तर बऱ्याच कंपन्या वॉरंटीच नाकारतात. एकच तक्ता महिनोन्‌महिने एकाच जागी दिसत राहिला, की त्याच्या रेघा पडद्यावर कायमच्या उमटू शकतात. ओएलईडीमध्ये तर हा धोका जास्तच. चकचकीत काचेत ट्यूबलाइट चमकते, म्हणून पृष्ठभाग मॅट हवा. दिवसा उजेड भरपूर हवा, पण रात्री तो आपोआप कमी व्हायला हवा, नाहीतर जवळच्या बेडवरच्या आजी झोपणार कशा?

रंगांचंही तसंच. तातडीप्रमाणे पेशंट लावताना रंग वापरतात. दिल्लीच्या एम्सच्या पद्धतीत लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन गट आहेत. पण लाल-हिरव्यात गोंधळ होणारे लोक असतात, आणि पुरुषांमध्ये त्यांचं प्रमाण बायकांपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून नुसता रंग नको, शेजारी अक्षरही हवं.

सगळ्यात भारी प्रयोग माझ्या मैत्रिणीने केला. तिने कुणाला न सांगता मागची लॅनची केबल काढली. स्क्रीनवर काहीच बदललं नाही. नावं तशीच, बेड तसेच. आम्ही दहा मिनिटं त्या मेलेल्या तक्त्याकडे बघून चर्चा करत होतो!

"बंद पडलेली स्क्रीन परवडली," ती म्हणाली. "चालू दिसणारी, पण थांबलेली नको." त्यामुळे कोपऱ्यात 'शेवटचा बदल किती वाजता' हे दिसायलाच हवं, आणि जोडणी तुटली की अख्खा तक्ता करडा व्हायला हवा, अशी अट टेंडरमध्ये गेली. दुसरी अट, लाइट जाऊन जनरेटरवर आल्यावर स्क्रीन आपणहून त्याच तक्त्यावर परतली पाहिजे. एका स्मार्ट टीव्हीच्या डेमोत लाइट परत आल्यावर तक्त्याच्या जागी वेब सिरीजचं पोस्टर झळकलं होतं. कॅज्युअल्टीत, बंदूक घेतलेला हिरो!

लोहचुंबकांची भाषा

शब्द लिहायचे म्हणून मी एक रात्र तिथे काढली. सिस्टरांच्या पांढऱ्या बोर्डाशेजारी, स्टुलावर.

बोर्डावर मार्करच्या अक्षरांपेक्षा लोहचुंबकच जास्त होते. फ्रिजवर लावतो तसले, रंगीत. निळा म्हणजे पेशंट एक्स-रेला गेलाय. पिवळा म्हणजे रिपोर्ट आलाय, पण डॉक्टरांनी अजून बघितलेला नाही. हिरवा म्हणजे घरी जाऊ शकतो, बिल बाकी. आणि एका नावापुढे निळा चुंबक उलटा, पाठ वर करून लावलेला.

"हा चुकून?" मी विचारलं.

"चुकून कशाला? त्याच्याबरोबर कुणी नाही. एकटा आलाय. येता-जाता बघायचं."

हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं. कुणी ठरवलं तेही कुणाला आठवत नव्हतं. पण वॉर्डबॉय मामांपासून रात्रीच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला त्या उलट्या चुंबकाचा अर्थ माहीत होता. अमेरिकेतल्या रॉबर्ट वेअर्स आणि शॉना पेरी या इमर्जन्सीत काम करणाऱ्या डॉक्टरांनी २००७ मध्ये अशाच बोर्डांवर संशोधन प्रसिद्ध केलंय. हे बोर्ड वापरणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं घडवलेले असतात, असं त्यांचं निरीक्षण. आणि इथे नव्या सॉफ्टवेअरच्या यादीत २२ पर्याय होते, पण 'एकटा आहे, लक्ष ठेवा' हा नव्हता. म्हणून सिस्टरांनी हट्टाने एक रिकामा कॉलम मागून घेतला. त्यात काय लिहायचं, ते आमचं आम्ही बघू म्हणाल्या.

पहाटे तीनच्या सुमारास चहा आला, तेव्हा मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. डस्टरची.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुसताना बघितलंस ना? मग बोलायचं गं." आणि लगेच, "पण तू तरी कशी बोलणार? आम्ही बाकाकडे बघतो कुठे तेव्हा."

"स्क्रीनवर असं होणार नाही ना पण?"

"का नाही? चुकीच्या बेडवर 'डिस्चार्ज' दाबलं की झालं. डस्टर निदान सगळ्यांना दिसतं तरी."

माझ्या मनातल्या टाळ्या तिथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी यादीत आणखी दोन अटी वाढल्या. काढलेलं नाव लगेच गायब व्हायचं नाही. दहा मिनिटं फिकट होऊन खाली राहायचं. आणि प्रत्येक नावापुढे, पेशंट येऊन किती मिनिटं झाली, ते आपोआप चालत राहायचं. पांढऱ्या बोर्डाला नेमकं हेच जमत नव्हतं. मार्करने लिहिलेला 'सीटी' पाच मिनिटांनी जसा दिसतो, तसाच पन्नास मिनिटांनीही दिसतो.

नाव की नंबर?

बाहेरच्या स्क्रीनबद्दल माझं मत पक्कं होतं. नाव लिहा! पूर्ण, मोठ्या अक्षरात. आपल्या माणसाचं नाव दिसत राहिलं, की बाकावर बसलेल्याला धीर येतो. हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

ते मतही त्याच रात्री गेलं.

साडेबाराला एक मुलगा आला होता. असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. गळ्यात अजून ऑफिसचं आयकार्ड. छातीत दुखतंय, श्वास लागत नाही. बरोबर ऑफिसातले दोघं. ईसीजी नॉर्मल निघाला, बाकीही सगळं ठीक. डॉक्टरांनी बोर्डावर त्याच्या नावापुढे लिहिलं, 'पॅनिक अटॅक' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मित्र दारात उभा होता. त्याने मोबाइल वर केला, बोर्डाचा फोटो काढला आणि टीमच्या ग्रुपवर टाकला. खाली मेसेज, 'हार्ट ओके आहे, फक्त पॅनिक. डोंट वरी!' हेतू चांगलाच होता हो. सगळे काळजीत होते, त्यांना कळवायचं होतं. अर्ध्या तासाने त्या मुलाने बेडवर फोन उघडला. ग्रुपवर बारा जणांनी अंगठे दाखवले होते, आणि त्यात त्याची मॅनेजरही होती.

"कुणी टाकलं हे?" एवढंच म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

अप्रेझलच्या दिवसांत 'फक्त पॅनिक' या दोन शब्दांचं वजन किती असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच फोटोत वरखालच्या पाच पेशंटांची नावं आणि आजारही होते. त्यांना तर पत्ताच नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेत मंजूर झाला. पण कायदा दारात उभा राहून मोबाइल खाली करायला लावत नाही. ते काम स्क्रीन कुठल्या भिंतीवर लावली, यावर ठरतं.

मग आतल्या दोन्ही स्क्रीन दारातून न दिसणाऱ्या भिंतीवर गेल्या. आजाराचं नाव तक्त्यावरून काढलं, ते कॉम्प्युटरवरच बघायचं असं ठरलं. आणि बाहेर नाव नाही, नंबर. पेशंटच्या मनगटावर जो, तोच नातेवाइकाच्या हातातल्या चिठ्ठीवर.

गाडी किती लेट आहे?

राहता राहिले माझे शब्द. मी लिहिलं, 'वैद्यकीय मूल्यांकन सुरू आहे', 'अहवाल प्रतीक्षेत'. मॅनेजमेंट खूश! मी रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

"हे कुणाला कळणार?" बाबा म्हणाले.

बाबा एसटीत होते. नोकरीची शेवटची बारा वर्षं कंट्रोलर. स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून गाड्या सोडणारे.

"आमच्याकडे फलकावर सगळ्या गाड्यांच्या वेळा असायच्या," ते म्हणाले. "तरी माणूस खिडकीशी येऊन विचारायचाच. आधी मला राग यायचा, वाचता येत नाही का म्हणून. मग लक्षात आलं. वेळ त्याला माहीतच असायची. गाडी लेट झालीये हे मला ठाऊक आहे की नाही, एवढंच त्याला बघायचं असायचं."

मी सगळं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. 'डॉक्टरांनी तपासलं आहे.' 'रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबलो आहोत.' 'सीटी स्कॅनसाठी नंबर लावला आहे.' प्रत्येक ओळीपुढे, 'येऊन इतकी मिनिटं झाली'. तपासणीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, तर पुढे एकच शब्द, 'उशीर'. आणि सगळ्यात खाली, कायम दिसणारी एक ओळ:

'तुमचा नंबर स्क्रीनवरून गेला, तर लगेच खिडकीवर येऊन विचारा.'

त्या ओळीवर मीटिंगमध्ये कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, अशाने लोक सारखे विचारायला येतील!"

इन-चार्ज सिस्टर पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलल्या. "येऊ देत."

मागच्या महिन्यात स्क्रीन लागल्या. जुना पांढरा बोर्ड फेकलेला नाही. नेटवर्क गेलं तर असू दे, म्हणून तो स्टोअरच्या दाराशेजारी टांगलाय. मार्कर हरवू नये म्हणून बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवलाय. लोहचुंबकही आहेत. पहिल्या आठवड्यात दोनदा तो खाली काढावा लागला, असं मैत्रीण सांगत होती. रिकाम्या कॉलममध्ये सिस्टर आता एकट्या पेशंटसमोर नुसतं एक टिंब देतात. सेल्सवाल्याला त्याचा अर्थ माहीत नाही.

माझं बिल अजून मंजूर व्हायचंय. ते कुठल्या स्क्रीनवर दिसतं, कोण जाणे!

रविवारी बाबांचा फोन आला.

"लागला का तुमचा टीव्ही? केवढा घेतला?"

"पंचावन्न इंची. दोन आत, एक बाहेर."

"बाहेरचं अक्षर दिसतं का नीट?"

"दिसतं, बाबा. बाकावर बसून बघितलं मी."